तळघरातला संप

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या तळघरात संप आहे. तो कामगारांचा नव्हे, तर झिरपलेले पाणी साठावे म्हणून केलेला, लांबीरुंदीला 60 सेंटिमीटरचा खड्डा. त्यात एक सबमर्सिबल पंप आणि पाण्यासोबत वर-खाली होत त्याला चालू-बंद करणारा फ्लोट असे दोघे नांदतात. माझी झोपायची खोली नेमकी त्यांच्या डोक्यावर असल्यामुळे जुलैतल्या एका रात्री त्यांची कुरबुर माझ्या कानी आली: खट्, घुर्र, खट्, शांतता, पुन्हा खट्. घड्याळ लावून पाहिले, तर पंप 11 सेकंद चालत होता आणि 11 सेकंद थांबत होता. तासाला 160हून अधिक वेळा! सोबतच्या माहितीपत्रकात मर्यादा 12 ची होती. मोटार दरवेळी सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि तापते. त्यामुळे तिसऱ्या रात्री कंडेन्सर गेला आणि संपाने नाव सार्थ केले.

"पंप कमी पडतोय," असे निदान करून कमिटीने मिनिटाला 200 लिटर उपसणाऱ्या पंपाच्या जागी 400 लिटरवाला आणला. येणारे पाणी मिनिटाला 100 लिटरच असल्याने हा पहिलवान साडेतीन सेकंदांत काम उरकून बसू लागला आणि तासाला 250 वेळा उठू लागला.

शेवटी मीच टेप आणि बॅटरी घेऊन खाली उतरलो. फ्लोटची वायर पाइपला अगदी आखूड बांधलेली होती. "लोंबकळत होती ना काका, म्हणून नीट करून टाकली," असे इलेक्ट्रिशियन अभिमानाने म्हणाला. त्या नीटनेटकेपणामुळे चालू आणि बंद यांत 5 सेंटिमीटरचे, म्हणजे अवघ्या 18 लिटरचे अंतर उरले होते. पंपाच्या निम्म्या वेगाने पाणी येते तेव्हा त्याची सर्वाधिक धावपळ होते. त्या वेळीही तासाला 12 च फेऱ्या हव्या असतील, तर तो पाच मिनिटांत जेवढे उपसतो त्याच्या चौथाई पाणी दोन पातळ्यांमध्ये मावले पाहिजे. लहान पंपाला 250 लिटर, मोठ्याला 500! आमच्या खड्ड्यात 250 लिटर म्हणजे जवळजवळ 70 सेंटिमीटर. पण खाली पंप बुडालेला राहायला हवा आणि वर पाणी येणाऱ्या पाइपचे तोंड, त्यामुळे जेमतेम 50 मिळाले.

कंडेन्सर बदलून जुना पंप परत बसवला आणि वायर ढिली सोडली. आता तासाला 17 फेऱ्या होतात. मोठा पंप सोसायटीच्या ऑफिसात पडून आहे आणि एवढे पैसे घातलेच आहेत तर दोन्ही पंप एकदम चालवावेत, असा ठराव येत्या सभेपुढे येणार आहे.