सत्तेचाळीस नंबरचं पान

संध्याकाळी भाचा केमिस्ट्रीचं जर्नल घेऊन आला. बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर आलीत. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे फ्लास्कमध्ये गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्युरेटच्या नळीतून परमँगनेट किती सोडावं लागलं ते मोजायचं. तीन रीडिंग: १०.१, १०.१, १०.१. म्हटलं, तिन्ही सारखी कशी रे आली?

"आली नव्हती ना वं मावशी. ९.६ आन् ९.९ आली होती. मॅडमनी खोडली, फळ्यावरचं सीबीआर लिहा म्हणाल्या."

सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, पुन्हा पुन्हा सारखं येणारं रीडिंग. खरंच, लाल रेघेखालून ९.६ दिसत होतं. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

एम.एस्सी.ला असताना मी तीन महिने जर्मनीत ग्योटिंगेनला होते. लाइने नदीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायचं काम. लॅबच्या वहीला पानांचे नंबर छापलेले, पेन्सिल चालायची नाही. दुसऱ्याच आठवड्यात ब्लँकमध्ये नायट्रेट आलं. म्हणजे ज्या पाण्यात काहीच असायला नको, त्यात! मी घाबरले, पान फाडलं आणि पुढच्या पानावर सुंदर अक्षरात सगळं नव्याने लिहिलं. गाईड बाईंनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, "सत्तेचाळीस कुठंय?"

बॅगेतून चुरगळलेला बोळा काढून दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाईंनी तो टेबलावर तळहाताने सरळ केला, चिकटपट्टीने वहीत लावला आणि शांतपणे वाचायला लागल्या. कोपऱ्यात मीच खरडलं होतं: 'फ्लास्क ॲसिड बाथमधला.' काचेची भांडी धुवायचा तो बाथ नायट्रिक ॲसिडचा! फ्लास्क नीट खंगाळलाच नव्हता. नायट्रेट कुठून आलं, त्याचं कारण त्याच फाडलेल्या पानावर होतं.

आणि इथे आपण पोरांना काय शिकवतो? खोडा. जुळवा. विदर्भात कितीतरी विहिरींच्या पाण्यात नायट्रेट आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. फळ्यावरचं सीबीआर उतरवत मोठं झालेलं पोरगं उद्या पाणी तपासायला बसेल, ५२ येईल आणि ४४ लिहील. ते पाणी कोणाच्या तरी तान्ह्या बाळाच्या बाटलीत जाणार आहे हो!

एका बॅचला पंचवीस पोरं, निम्मी ब्युरेट गळकी, मॅडम बिचाऱ्या तासिका तत्त्वावर. मान्य. पण ९.६ तसंच राहू द्यायला कुठे पैसे लागतात?

लोक मला तिकडचं सगळं विचारतात. थंडी, जेवण, पीएच.डी. झाल्यावर गावातल्या हंसवाल्या मुलीच्या पुतळ्याचा मुका घेतात ती गंमत. मी हौसेने सांगतेही. सत्तेचाळीस नंबरचं पान आजवर कोणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. लाज वाटायची. ते पान फाडणारा हात याच नागपुरात घडला होता, जर्नलला वीसपैकी वीस घेत. मॅडमवरचा राग इथपर्यंत लिहिता लिहिता अर्धा उतरला, कारण त्यांनाही कोणीतरी असंच शिकवलं असणार.

जेवणं झाल्यावर भाच्याला जवळ बसवून ते पान सांगितलं. मग विचारलं, तुझं ९.६ का आलं असेल? बराच वेळ गप्प होता.

"बर्नरला लाइन होती. फ्लास्क नीट तापवलाच नव्हता मी. गुलाबी रंग लवकरच दिसला."

म्हटलं, हे लिही. लाल रेघेच्या बाजूला जेमतेम दोन बोटं जागा होती. तेवढ्यात मावेल असं बारीक अक्षर काढत बसलाय आता.