दुपारी एक वीसचा ताळेबंद

बँकेतून निवृत्त झालं तरी एक खोड सुटत नाही. दिवसाकाठी काहीतरी टॅली झाल्याशिवाय घास उतरत नाही. मुलाकडे शिकागोला येऊन राहिल्यावर टॅली करायचं काय? किराण्याचा हिशोब सूनबाईंच्या फोनमध्ये, वीजबिल परस्पर कापलं जातं. अशा रिकाम्या माणसाच्या हाती बेसबॉलचं स्कोअरबुक लागलं, की मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत १६२ सामन्यांची रोजकीर्द लिहिणं आलं. दुपारची झोप विसरा.

शिकागोत संघ दोन, पण पेन्शनरांना सोयीचा उत्तरेकडचा. त्याचे घरचे सामने बऱ्याचदा दुपारी १:२० ला सुरू होतात. त्याच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, सामने १९१४ पासून चालू आहेत, दिवे मात्र लागले थेट ऑगस्ट १९८८ मध्ये. अडचण एकच, संघाचं नाव, Cubs. देवनागरीत 'कब्ज' लिहिलं की हिंदी पेपरातल्या चूर्णाची जाहिरात वाटते. १९०८ नंतर जगज्जेतेपद मिळालं ते २०१६ ला. मधली १०८ वर्षं, वर्षाला एक मणी धरला तर अख्खी जपमाळ. नाव सार्थ केलं म्हणायचं.

आणि हे वास्तुशास्त्र पाळून! रिग्लीवर बॅटर ईशान्येला तोंड करून उभा राहतो. त्यामुळे सामन्याआधी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण हे नंतर बघावं, वारा आधी. नैर्ऋत्येचा असेल तर तो बॅटरच्या पाठीवरून मैदानाबाहेर जातो आणि साधे झेलसुद्धा कुंपणापार होतात. ईशान्येचा किंवा पूर्वेचा असेल तर तो मिशिगन सरोवरावरून येतो, थंड आणि जड, आणि उंच उडालेला चेंडू परत मैदानात आणून टाकतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते, त्यातले हे खारे. फक्त सरोवर गोड्या पाण्याचं, म्हणून खारे म्हणायची सोय नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी बर्फासारखं असतं, जमीन तापलेली. दुपारी वारा फिरला की काठावरचं तापमान आतल्या गावांपेक्षा सहज आठ-दहा अंशांनी खाली येतं. म्हणून तर खेळाडू मार्चअखेर मैदानात उतरतात, पण कढीपत्त्याची कुंडी मेअखेरपर्यंत घरात असते. रात्रीचा पारा सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहिला तरच तिला अंगणात न्यावं, तेही आधी सावलीत. थेट उन्हात ठेवली तर पानं भाजतात, आणि अशा कढीपत्त्याला घरचे लोक कब्जच्या पराभवापेक्षा जास्त बोलतात.

आता वही. दोन संघांना समोरासमोर दोन पानं, डावीकडे बॅटरची नावं, वर नऊ इनिंगचे रकाने. एका इनिंगमध्ये प्रत्येक संघाची एक पाळी, तीन बाद झाले की संपली. पेन्सिल एचबी, खोडरबर दोन, कारण एक सोफ्याखाली जातोच. क्षेत्ररक्षकांचे क्रमांक पाठ हवेत: पिचर १, कॅचर २, तीन बेसवरचे ३, ४, ५, शॉर्टस्टॉप ६, बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शर्टावरच्या नंबरशी यांचा काही संबंध नाही. शॉर्टस्टॉप उभा असतो ४ आणि ५ यांच्या मधे, आणि नंबर मात्र ६. हे बँकेतल्या सीनियॉरिटी लिस्टसारखं आहे, कारण विचारू नये.

पहिल्या बॅटरने शॉर्टस्टॉपकडे घरंगळता चेंडू मारला, त्याने तो पहिल्या बेसला फेकला: लिहा ६-३, आणि गोलात १, म्हणजे पाळीतला पहिला बाद. दुसरा चार 'बॉल'वर (फटक्याच्या टप्प्याबाहेर पडलेल्या चेंडूंवर) फुकट पहिल्या बेसवर गेला: 'बीबी', आणि चौकोनातल्या हिऱ्याची, म्हणजे बेसच्या नकाशाची, एक बाजू रेखायची. तिसऱ्याने परत शॉर्टस्टॉपकडेच मारला आणि दोघं बाद: त्याच्या चौकोनात ६-४-३, गोलात ३. इथेच नवशिका फसतो. दुसऱ्या बॅटरच्या चौकोनात जाऊन त्याची रेघ तोडून गोलात २ टाकायचं राहून जातं, आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत पहिल्या बेसवर उभा. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाल्यास, इंग्रजी 'के'. 'स्ट्रक' शब्दाचं हे शेवटचं अक्षर रुजवलं हेन्री चॅडविकने. हा गृहस्थ मूळचा इंग्लंडचा, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. बॅट न फिरवता बघत उभा राहून बाद झाला तर 'के' उलटा काढायचा. आपल्यासारख्या देवनागरीवाल्यांना सुलटाच 'के' काढायला वेळ लागतो, त्यात हा.

पूर्वी यात चहाला उसंत होती. २०२३ पासून पिचरसमोर घड्याळ आलं. बेस मोकळे असतील तर १५ सेकंद, कुणी बेसवर असेल तर आता १८. नऊ इनिंगचा सामना सरासरी ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आला. ही चोवीस मिनिटं थेट म्हाताऱ्यांच्या चहातून कापलेली आहेत.

नैर्ऋत्य वाऱ्याच्या दिवशी दुसरं संकट. एका इनिंगमध्ये नऊच्या वर बॅटर आले की रकाना संपतो. तेव्हा शेजारच्या रकान्यात घुसायचं आणि वरचे इनिंगचे आकडे पुढे सरकवायचे. १७ मे १९७९ ला इथेच फिलाडेल्फियाने २३-२२ असा सामना जिंकला, दहाव्या इनिंगमध्ये. त्या दिवशी वही लिहिणाऱ्यांविषयी मला खेळाडूंपेक्षा जास्त आदर आहे.

मग खरं सुख, टॅली. किती जण बॅटिंगला आले ते मोजा. समोर धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि बाद झालेले यांची बेरीज. दोन्ही बाजू जुळायलाच हव्यात. उदाहरणार्थ ३६ आले, ४ धावा, ८ अडकले, २४ बाद. २४ का, २७ का नाहीत? यजमान पुढे असतील तर नवव्यात त्यांना खेळावंच लागत नाही. उजवी बाजू १ ने जास्त आली तर आधी वरचा तो विसरलेला दुसरा बॅटर शोधावा. कमी आली आणि यजमान शेवटच्या फटक्यावर जिंकले असतील, तर जल्लोषात बेसवर राहिलेले मोजायचे राहिले. बँकेत फरकाला ९ ने भाग गेला की आकडे उलटसुलट पडले समजायचं. इथे ९ चा फरक आला तर आपण दुपारी डुलकी घेतलेली असते.

सामना दहाव्या इनिंगमध्ये गेला की मात्र मी हात टेकतो. २०२० पासून जादा इनिंगची सुरुवातच दुसऱ्या बेसवर आयता माणूस उभा करून होते. तो बॅटिंगला आलाच नाही, पण धावसंख्येत किंवा अडकलेल्यांत हजर! व्हाउचर नाही आणि एन्ट्री पडलेली. प्रत्येक जादा इनिंगमागे डावीकडे १ मिळवावा लागतो. असं मिळवताना हात अजून थरथरतो, इन्स्पेक्शनला कोणी येणार नाही हे माहीत असूनसुद्धा.

आणि साध्या नऊ इनिंगच्या सामन्यात फरक एकाचाच असेल, तर शोध सातव्यापासून सुरू करावा. तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहून गाणं म्हणतं, घड्याळात सव्वातीन झालेले असतात, आणि आतून हमखास आवाज येतो, "अहो, दूध ठेवलंय, जरा बघाल का?" शेगडीवरचा करपलेला डाग आणि सातव्या रकान्यातला कोरा चौकोन बहुतेक एकाच मिनिटाचे निघतात.