चहाच्या ब्रॅकला यीस्ट लागत नाही

बार्मब्रॅक म्हणजे मनुका-बेदाणे घातलेला आयरिश गोड पाव. 'बार्मब्रॅक यीस्टशिवाय होत नाही, चहा घातलेला तो नुसता केक' असं सांगणारा मजकूर सध्या फिरतोय. ते अर्धंच खरं आहे. आयर्लंडमध्ये दोन्ही चालतात: यीस्टने फुगवलेला बार्मब्रॅक आणि चहात फळं भिजवून केलेला टी ब्रॅक. हॅलोविनला अंगठी दोन्हींत घालतात; ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं लवकर लग्न होणार, असं मानतात.

टी ब्रॅकसाठी ३५० ग्रॅम मनुका-बेदाणे आणि २०० ग्रॅम ब्राऊन शुगर ३०० मिली कडक, बिनदुधाच्या चहात रात्रभर भिजवा. उरलेला चहा ओतून देऊ नका. पिठाला तेवढंच पाणी मिळतं, म्हणूनच तो फेकला की ब्रॅक कोरडा होतो. सकाळी एक अंडं, २५० ग्रॅम मैदा, ३ छोटे चमचे बेकिंग पावडर, १ चमचा मिक्स्ड स्पाइस (दालचिनी, जायफळ वगैरेंचा मसाला) त्यात मिसळा. लोणी अजिबात नाही. चहा गरम असेल तर अंडं शिजून गुठळ्या होतात. कोरडं पीठ दिसेनासं झालं की ढवळणं थांबवा, जास्त घोटलं तर ब्रॅक चिवट होतो.

ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर सव्वा तास भाजा. वरचा भाग करपू लागला तर फॉइल झाका. गरम असताना कापू नका, भुगा होतो. दुसऱ्या दिवशी लोणी लावून खा, तेव्हाच तो खरा लागतो.