मुशाहिरा आणि हुदूद

दर वर्षी १७ फेब्रुवारीला आपल्या सगळ्यांच्या भिंतींवर वासुदेव बळवंत फडक्यांचा फोटो येतो. खाली ठरलेली ओळ: एडनच्या तुरुंगात देह ठेवला. मीही ती ओळ वर्षानुवर्षं टाकत आलो. यंदा मुलीनं विचारलं, "बाबा, पण त्यांना एडनला का नेलं? एडन कुठे, आपण कुठे!" मला धड सांगता येईना. तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. जे वाचलं ते मनातून जात नाही, म्हणून हे लिहितोय. लांबणार आहे, सवडीनं वाचा.

तिच्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १८३९ पासून १९३२ पर्यंत अरबस्तानच्या दक्षिण टोकावरचं ते बंदर मुंबई सरकारच्या हाताखाली होतं. फडक्यांना ठाण्याच्या तुरुंगातून एडनला हलवलं, ते कागदोपत्री एकाच इलाख्यातल्या एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात.

मग एडन मुंबईकडे आलं कसं? मुंबईहून सुएझकडे वाफेची जहाजं जायला लागली होती आणि त्यांना वाटेत कोळसा भरायला जागा हवी होती. १८३७ मध्ये 'दर्या दौलत' नावाचं जहाज एडनजवळ फुटलं, किनाऱ्यावरच्या लोकांनी ते लुटलं, उतारूंचे हाल केले. मुंबई सरकारला निमित्त मिळालं. कॅप्टन हेन्स हा आरमारी अधिकारी भरपाई मागायला गेला आणि सोबत बंदराचीही मागणी घेऊन गेला. एडन ज्याच्या ताब्यात होतं त्या लहेजच्या सुलतानाला, मुहसिन बिन फदलला, वर्षाला ८,७०० रियाल देऊ, एडन आम्हाला द्या. हेन्सच्या म्हणण्याप्रमाणे सुलतानानं शिक्क्यानिशी होकार दिला. सुलतानाच्या मुलाला हा सौदा मान्य नव्हता. १९ जानेवारी १८३९ ला हेन्स जंगी जहाजं घेऊन परत आला, तोफा डागल्या, गाव घेतलं. उतरलेल्या फौजेत मुंबईची २४ वी देशी पलटण होती. तेव्हा एडनची वस्ती होती जेमतेम सहाशे.

बंदर घेतल्यावर जूनमध्ये तह झाला. सुलतानाला वर्षाला साडेसहा हजार रियाल. आधी तोफ, मग तह, मग महिन्याकाठी पैसे. पुढची शंभर वर्षं त्या मुलखात याच क्रमाची आवर्तनं दिसतात. अरबीत महिन्याच्या या नेमणुकीला 'मुशाहरा' म्हणतात. शहर म्हणजे महिना, त्यावरून. आपल्या जुन्या मराठी कागदांतला 'मुशाहिरा' तोच. हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

या तहांचा मजकूर एकदा तरी वाचावा. १८८६ मध्ये सोकोत्रा बेटापासून 'संरक्षणा'चे तह सुरू झाले आणि नंतर एडनच्या भोवतालचे फदली, अकरबी, हौशबी, याफाई, औलकी असे एकेक टोळ्यांचे सुलतान त्यात ओढले गेले. मसुदा जवळजवळ एकच, नावं बदललेली. सुलतान स्वतःच्या, वारसांच्या आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या वतीनं लिहून देतो की ब्रिटिश सरकारला कळवल्याशिवाय आणि त्याची मंजुरी असल्याशिवाय कोणत्याही परक्या सत्तेशी पत्रव्यवहार करणार नाही, करार करणार नाही, तह करणार नाही. दुसऱ्या कुणी हस्तक्षेप करायचा प्रयत्न केला तर एडनच्या रेसिडेंटला, म्हणजे तिथल्या ब्रिटिश कारभाऱ्याला, ताबडतोब खबर देईन. आणि समोरून काय मिळतं? महाराणीची 'कृपा आणि संरक्षण'. हल्ला झाला तर किती फौज येईल, किती दिवसांत येईल, खर्च कुणाचा, याबद्दल एक अक्षर नाही. एका बाजूची बंधनं काटेकोर, दुसऱ्या बाजूचं वचन मोघम.

हे आपल्या ओळखीचं आहे. ३१ डिसेंबर १८०२, वसई. दुसऱ्या बाजीरावानं लिहून दिलं की कंपनीला आधी कळवून सल्लामसलत केल्याशिवाय कोणाशीही बोलणी करणार नाही. वर फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख. पुण्यात मुरलेली ही रीत तीन पिढ्यांत समुद्र ओलांडून याफाच्या डोंगरात पोचली. वसईच्या तहाबद्दल आपण अजून हळहळतो. मग तेच कलम मुंबईच्या अंमलदारांनी तिकडच्या लोकांकडून लिहून घेतलं, हे आपल्याला माहीतही नसावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता हद्दीचं. १८७२ मध्ये तुर्कांनी सना, म्हणजे आजची येमेनची राजधानी, पुन्हा घेतलं आणि ते दक्षिणेला सरकायला लागले. इंग्रजांचे मुशाहिरेदार कुठवर आणि तुर्कांची रयत कुठवर, यावरून एडनच्या उत्तरेला धालेच्या पठारावर वारंवार तंटे. १९०१ मध्ये हौशबी मुलखात अद-दरेजा इथल्या गढीवरून चकमक झाली, तेव्हा १९०२ मध्ये दोघांचं संयुक्त हद्द-आयोग बसलं. बाब-अल-मंदेबजवळच्या शेख मुरादपासून बना नदीच्या खोऱ्यापर्यंत कुठली वाडी कुणाकडे, कुठली विहीर कुणाकडे, याची भांडणं चालू राहिली. कताबा तुर्कांकडे, धाले इंग्रजांकडे. आणि बनाच्या पलीकडे? तिथे कुणी गेलंच नाही. नकाशावर ईशान्येला सरळ तिरकी रेघ मारली, ती थेट वाळवंटात नेऊन सोडली. पुढे तिला जांभळी रेघ म्हणू लागले. या करारावर दोन्ही सरकारांची शेवटची मोहोर उमटली १९१४ च्या जूनमध्ये. नोव्हेंबरमध्ये दोघं एकमेकांशी युद्धात.

आणि युद्धात संरक्षणाचं काय झालं ते बघा. जुलै १९१५ मध्ये तुर्की फौज लहेजवर चालून आली. सुलतान अली बिन अहमद इंग्रजांचा सगळ्यात जवळचा, सगळ्यात जुना तहबंद दोस्त. एडनहून मदत निघाली ती उन्हातान्हात, पाण्याविना, कशीबशी पोचली. त्या रात्रीच्या गोंधळात सुलतान बाहेर पडत असताना ब्रिटिश बाजूच्याच पहारेकऱ्यांनी त्याला तुर्क समजून गोळी घातली. तो त्यातून वाचला नाही. लहेज युद्ध संपेपर्यंत तुर्कांकडे राहिलं. ७६ वर्षांच्या दोस्तीचा शेवट असा झाला.

तुर्क गेले आणि सनात इमाम याह्या, येमेनचा धर्मगुरू आणि राजा, उरला. त्याचं म्हणणं सरळ होतं. रेघ मारणारे दोघंही परके, मला कुणी विचारलं नाही, मी ती का मानू? कायद्याचे पंडित काहीही म्हणोत, मला त्यात चूक दिसत नाही. त्यानं धाले घेतलं. १९२८ मध्ये इंग्रजांनी विमानांतून बाँब टाकून ते सोडवलं. शेवटी ११ फेब्रुवारी १९३४ ला सनात तह झाला, ४० वर्षांचा. हद्दीचा प्रश्न नंतर सोडवू, तोवर आहे ती परिस्थिती तशीच ठेवू, असं ठरलं. अरबी शब्द होता 'हुदूद'. हद्दचं अनेकवचन. आपलीच हद्द! इंग्रजांनी त्याचा अर्थ लावला नकाशावरची रेघ. इमामाच्या बाजूनं अर्थ लावला हद्दीलगतचा सगळा मुलूख, म्हणजे तिथे इंग्रजांनी नवं काहीच करायचं नाही. त्यामुळे इंग्रजांनी पुढे आतल्या सुलतानांशी सल्लागार नेमण्याचे नवे तह केले तेव्हा सनाला तो उघड वचनभंग वाटला. दोघांनी एकाच कागदावर सही केली होती आणि दोघांना दोन वेगळे कागद दिसत होते.

त्याच वर्षी इंग्रजांची हद्दीवरून सौदी अरेबियाशीही जुंपली. तेलाचा वास येऊ लागला होता. इंग्रजांनी जांभळी रेघ पुढे केली, तर इब्न सौदनंही ती झिडकारली. सौदी आणि येमेन यांच्यातली हद्द पूर्ण ठरायला २००० साल उजाडलं, जेद्दाच्या तहापर्यंत.

कुणी म्हणेल, ते सुलतान आपापसांत भांडत होते, पैसे आनंदानं घेत होते. घेत होते. एडनच्या पूर्वेकडच्या हद्रमौत मुलखात हॅरल्ड इंग्रम्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९३७ मध्ये हजाराहून जास्त टोळीप्रमुखांच्या सह्या घेऊन तीन वर्षांचा तंटाबंदीचा करार घडवला, त्यानं माणसं वाचली, हेही खरं. तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण परक्यांशी बोलण्याचा हक्क विकत घेणं आणि भांडणं मिटवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं चांगलं केलं म्हणून पहिलं धुतलं जात नाही.

हद्रमौत आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मराठवाड्यातली चाऊस मंडळी मूळची तिकडचीच. 'अरब-रोहिले' या आपल्या शब्दप्रयोगातले अरब म्हणजे तिकडून आलेले शिपाई. १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तो अरब शिबंदीनं. हद्रमौतच्या मुकल्ला बंदरावर राज्य करणारं कुऐती घराणं निजामाच्या फौजेत जमादारी करून मोठं झालं, आणि १८८८ च्या संरक्षण-तहात त्यांचा किताब 'जमादार' असाच आहे.

हेन्सबद्दल सांगायचं राहिलं. १५ वर्षं त्यानं एडन चालवलं. हिशेबात तूट निघाली, मुंबईत खटला झाला, ज्युरीनं अपहाराच्या आरोपातून सोडलं, तरी सरकारनं येणं बाकी म्हणून कर्जदारांच्या तुरुंगात सहा वर्षं ठेवलं. १८६० मध्ये सुटला तेव्हा पार खचला होता. मायदेशी जाणाऱ्या जहाजावर चढवला, आणि जहाज मुंबई बंदरातून निघायच्या आत गेला. एडन घेणारा मुंबईत मेला, मुंबई इलाख्यातले फडके एडनमध्ये.

गेल्या काही वर्षांत येमेनच्या युद्धाचे नकाशे बातम्यांत येतात. उत्तरेकडचे हूथी बंडखोर आणि दक्षिणेकडच्या फौजा यांच्यातली आघाडी कताबा आणि धाले यांच्या आसपास अडकलेली दिसते. मी त्या हद्द-आयोगाच्या काळातला, १९०४ चा नकाशा शेजारी ठेवून पाहिला. गावांची नावं तीच.

मुंबई सरकारच्या राजकीय खात्याची दप्तरं आपल्या काळा घोड्याच्या अभिलेखागारात आहेत. इतिहास किंवा अरबी शिकणाऱ्या कुणी तिथे एडनची बाडं चाळली असतील, किंवा चाळायची इच्छा असेल, तर मला सांगा. शनिवारी मला सुट्टी असते, मी सोबत येईन, नकलून द्यायला मदत करेन. हे मराठीत यायला हवं.