आधी कोरा सूर ऐकवा, मग पैसे मागा

सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं सिंथेसायझर, विकणाऱ्यांना आपला सिंथ नुसता कसा वाजतो हे ऐकवायचंच नसतं. कुठलाही डेमो व्हिडिओ लावा. पहिल्या सेकंदापासून रिव्हर्बचा (घुमाऱ्याचा) पूर, त्यावर डिले (प्रतिध्वनी), खाली तयार ड्रम. त्यात सिंथ कुठला आणि इफेक्ट कुठला हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मला हवंय ते एवढंच: इनिट पॅच, म्हणजे कोरी मांडणी, उघडा, सॉ वेव्ह ही करवतीच्या दात्यांसारखी साधी लहर लावा, सगळे इफेक्ट बंद करा, एकदा खर्जात आणि एकदा अगदी तारसप्तकात वाजवा. वर गेल्यावर ॲलियसिंगची, म्हणजे डिजिटल आवाजात घुसणाऱ्या खोट्या सुरांची, किरकिर येते का? फिल्टर हळूहळू मिटत नेला की आवाज भरीव राहतो का पार मरतो? आठ सूर एकदम धरले की जुन्या लॅपटॉपचा जीव जातो का? दोन मिनिटांचं काम आहे. ते कुणी करत नाही, कारण कोरा आवाज ऐकवला तर फुकटचा सिंथ आणि महागडा सिंथ यांतला फरक किती कमी आहे हे लगेच कळेल.

आणि प्रत्येक वेळी म्हणे क्रांती! आतमध्ये काय असतं? लहर काढणारा ऑसिलेटर, ती छाटणारा फिल्टर, आवाजाचा चढउतार ठरवणारा एन्व्हलप, संथ हेलकावे देणारा एलएफओ. वेव्हटेबल, म्हणजे साठवलेल्या लहरींच्या मालिकेतून आवाज काढणं, नवीन म्हणून विकतात, ते वोल्फगांग पाल्म या जर्मन माणसाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच पीपीजी वेव्ह या सिंथमध्ये बसवलं होतं. एफएम, म्हणजे एका लहरीने दुसरीला हलवून आवाज बनवणं, 1983 च्या यामाहा डीएक्स7 या कीबोर्डमध्ये होतं, सहा ऑपरेटर (लहरी काढणारे भाग) आणि ते जोडायच्या 32 रीती (अल्गोरिदम), आणि तेच सगळं डेक्स्ड नावाच्या प्लगइनमध्ये (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या प्रोग्राममध्ये) आज फुकट मिळतं. जुन्या गोष्टी पुन्हा विकू नका असं मी म्हणत नाही. स्टीव्ह डुडाने 2014 मध्ये सिरम हा सिंथ काढला तेव्हा वेव्हटेबल डोळ्यांसमोर हलताना दिसायला लागली, आवाज कुठून येतो ते शिकणाऱ्याला कळायला लागलं. ते खरं काम होतं. 2025 मध्ये सिरम 2 आला तो जुन्या ग्राहकांना फुकट दिला, तेही चोख. बाकीच्यांचं काय? रंग बदलला, वर आणखी हजार प्रिसेट (तयार आवाज) ओतले, झाला नवा सिंथ.

डेमो आवृत्ती उतरवून स्वतःच ठरवा म्हणतात. कसं ठरवायचं? एक डेमो दर थोड्या वेळाने मध्येच खरखर सोडतो. दुसरा वीस मिनिटांनी गप्प होतो. तिसऱ्यात पॅच सेव्ह होत नाही, म्हणजे रात्री बसून जुळवलेला आवाज सकाळी गायब. सिंथ कळायला त्यात एक अख्खं गाणं करावं लागतं, आणि गाणं करण्याचीच सोय काढून घेतलेली असते.

पैशांचं तर बोलायलाच नको. एखाद्या सिंथचे 189 डॉलर म्हणजे आपल्याकडे 16 हजारांच्या वर. काही ठिकाणी शेवटच्या पानावर 18 टक्के जीएसटी चढतो, वर बँक परकीय चलनाचं शुल्क कापते. मग म्हणतात हप्त्याने घ्या. घेतला! रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे (कार्डावरून आपोआप पुन्हापुन्हा कापल्या जाणाऱ्या पैशांचे) नियम ऑक्टोबर 2021 पासून लागू आहेत, परदेशी विक्रेत्याने ते पाळले नाहीत तर कार्डावरून हप्ता जातच नाही. माझा हप्ता अडकला, सिंथ कुलूपबंद झाला, आणि अर्ध्या झालेल्या ट्रॅकचा बेस गेला. खात्यात पैसे होते! कंपनी म्हणाली बँकेला विचारा, बँक म्हणाली व्यापाऱ्याला विचारा. दोघांपैकी एकालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पण माझा खरा संताप सुरावर आहे. मी तंबोऱ्यावर इलेक्ट्रॉनिक करतो. सा 220 हर्ट्झ धरला तर तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा शुद्ध गंधार 275 च्या हिशेबात बसतो. कीबोर्डचा गंधार 277 च्याही वर जातो. चौदा सेंट चढा (लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट असतात)! लांब पॅड (संथ, पसरणारा आवाज) धरला की दोन गंधार एकमेकांवर आपटून सेकंदाला दोन-दोन लाटा उठतात आणि कान विटतो. हे दुरुस्त करायला सॉफ्टवेअरला काय लागतं? ट्यूनिंगची एक फाइल वाचायची, प्रत्येक सुराचा आकडा बदलायचा. बस. पेटीवर आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत बंदी घातली होती ती याच तक्रारींवरून, की तिचे सूर बांधलेले आणि तिच्यावर मींड निघत नाही. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी बनवून दाखवली. लाकूड, भाता आणि पितळी सूर घेऊन जे करता येतं, ते निव्वळ आकड्यांवर चालणाऱ्या प्लगइनला जमू नये?

जमतं, हेच तर जास्त झोंबतं. सर्ज हा सिंथ मूळ क्लेस योहानसन यांचा, 2018 मध्ये त्याचा सोर्स (मूळ कोड) खुला केला, आणि आज स्वयंसेवक सांभाळत असलेला सर्ज एक्सटी ट्यूनिंगची स्काला फाइल बिनतक्रार वाचतो. मॅट टायटेलचा व्हायटल हा सिंथ 2020 मध्ये आला, फुकटच्या आवृत्तीतही ट्यूनिंग बदलता येतं. दोघांनाही एमपीई कळतं, म्हणजे प्रत्येक सुराला वेगळा चॅनेल मिळतो आणि एकाच सुराची मींड घेता येते, खालचा सगळा कॉर्ड सोबत फरफटत जात नाही. आणि हजारो रुपये मोजून घ्यायच्या सिंथच्या पानावर ट्यूनिंगबद्दल चकार शब्द नसतो. दोनशे पानांचं मॅन्युअल चाळायचं, तरी उत्तर मिळेल याची खात्री नाही. मात्र प्रिसेटमध्ये ‘भारतीय’ सतार हवी तेवढी, तीही कीबोर्डच्याच सुरात!

वर सल्ला देणारे आहेतच. आपण विचारायचं श्रुती जुळवता येतात का, ते सांगणार ‘सिरम घे’. आपण म्हणायचं लॅपटॉप आठ जीबीचा आहे, ते सांगणार ‘सिरम घे’. नाहीतर मुंबईचे वादक चरणजित सिंगांचं नाव पुढे करतात: त्यांनी 1982 मध्ये मुंबईत तीन यंत्रांवर राग वाजवले, तुझं कशाला अडतं? अहो, ती तीन यंत्रं कुठली ते तरी बघा! टीआर-808 हे ड्रमयंत्र, ज्युपिटर-8 हा कीबोर्ड सिंथ आणि टीबी-303 हा बेसचा सिंथ. त्या 303 मध्ये कोणता सूर पुढच्यावर घसरत जाईल हे सुरागणिक ठरवता येतं. मींडेची सोय यंत्रातच होती, म्हणून राग उभा राहिला. आज कित्येक सिंथमध्ये ग्लाइडचं (सूर घसरवण्याचं) एकच बटण असतं आणि सगळ्या सुरांना एकच वेळ. म्हणजे वाद्याने फरक पडतो. ‘हात चांगला असला की काहीही चालतं’ हे मला पुन्हा कुणी ऐकवू नका.

मराठीत प्लगइनचे व्हिडिओ करणाऱ्या मित्रांनो, निदान तुम्ही तरी हे करा. पुढचा सिंथ दाखवाल तेव्हा रिव्हर्ब बंद करा, तंबोरा लावा आणि त्यावर गंधार धरा. ट्यूनिंगची फाइल घेतो की नाही हे पहिल्या मिनिटात सांगा. प्रिसेट किती आहेत ते नाही सांगितलंत तरी चालेल.