फायरवॉल परत आडवा

मार्केट यार्डातनं सकाळी ९ लाच फोन. "नेट गेलंय, ई-वे बिल निघंना, हळदीची गाडी उभी हाय." गेलो. फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारातला राखणदार डबा, बूट होतानाच अडकलेला. महिन्यात तिसऱ्यांदा! आतली ईएमएमसी, म्हणजे साठवणीची फ्लॅश चिप, मरायला टेकलीय, आणि ती बोर्डालाच सोल्डर केलेली. काढून बदलणार काय, कपाळ? दिवसरात्र लॉग (कामाच्या नोंदी) लिहून लिहून फ्लॅश मेमरी झिजणारच की! बाजूला एसएसडीचा (काढून बदलता येणाऱ्या साठवणीचा) स्लॉट रिकामा पडलाय. एसएसडी टाकू, तोवर लॉग रॅममध्ये ठेवू, असं दिवाळीपासून घसा फोडून सांगतोय. मालकांचं एकच, "जरा बंद-चालू करून बघा की!" अहो मालक, आता बंद केला तर तो परत उठायचाच नाही. हळद मात्र पारखून घेतात हं, एकेक कांडी मोडून!