लिनक्सवरचे पात्रांव (म्हणजे शेठ) व्हायचंय? मग एवढं कराच

आधी विंडोज काढून उबुंटू (लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा एक अवतार) टाकायचं आणि स्क्रीनशॉट सगळ्या ग्रुपवर पाठवायचा. मग पैशाचं धोरण पक्कं करायचं. लॅपटॉप हप्त्यावर घेतला चालेल, कळंगुटच्या शॅकवर एका रात्रीत चार आकडी बिल झालं तरी चालेल, पण फोंड्याच्या एखाद्या पोराने लिनक्ससाठी बरा ॲप बनवून पाचशे रुपये मागितले की लगेच "लिनक्सवर पण पैसे?" असं विचारायचं, आणि तेही अशा दुखावलेल्या आवाजात की देवळातल्या प्रसादाचं कोणी बिल हातात ठेवलंय.

कोणी शहाणा सांगेल, बाबा रे, जीपीएलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या परवान्यात, विकायला मनाई नाही, फ्री सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारा खुद्द रिचर्ड स्टॉलमन 1985 च्या सुमारास आपल्या ईमॅक्स एडिटरची टेप 150 डॉलरला विकायचा. ऐकून सोडून द्यायचं. स्टॉलमनचं नाव आपण काढायचं ते फक्त दुसऱ्याने पैसे मागितले की.

वर कायम ओरडत राहायचं की लिनक्सवर चांगली सॉफ्टवेअर येत नाहीत, फोटोशॉप नाही, टॅली नाही. मडगावचा तुमचा अकाउंटंट टॅलीपायी विंडोजला चिकटून बसलाय, त्याला मागासलेला म्हणायचं आणि जीएसटी रिटर्न मात्र त्याच्याकडूनच भरून घ्यायचं. ज्या कंपन्या आल्या होत्या त्यांची आठवण काढायची नाही. कोरल कंपनीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी वर्डपरफेक्ट हा वर्ड प्रोसेसर लिनक्सवर आणला, स्वतःचं डिस्ट्रो (उबुंटूसारखा लिनक्सचा अवतार) सुद्धा काढलं आणि थोड्याच वर्षांत गाशा गुंडाळला. 1998 मध्ये सुरू झालेली लोकी नावाची कंपनी गेम रीतसर लिनक्सवर आणून विकायची, ती 2002 च्या सुरवातीला बंद. मार्केटिंग कमी पडलं म्हणायचं. तुम्ही स्वतः किती विकत घेतले असं कोणी विचारलं तर चहा मागवायचा. (2018 मध्ये, स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्वचं प्रोटॉन आल्यावर विंडोजचेच गेम लिनक्सवर पळायला लागले आणि हीच मंडळी स्टीमवर गपचूप कार्ड काढायला लागली, पण ते घरातल्या घरात.)

आणि लिनक्समध्ये पैसा नाही असं कुणाला वाटू देऊ नका हां. 2019 मध्ये आयबीएमने लिनक्सवर धंदा करणारी रेड हॅट 34 अब्ज डॉलरला घेतली. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड वाचायची-बदलायची मोकळीक, पण रात्री दोनला सर्व्हर झोपला की फोन उचलणारा माणूस सबस्क्रिप्शनवर, आणि कंपन्या मुकाट्याने भरतात. म्हणून त्या फोंड्याच्या पोराला सांगा, ॲप नको बनवू, फोन उचलायला शीक.

जे बिचारे नुसते कोड लिहितात त्यांना कौतुकावर ठेवायचं. जगभरच्या सर्व्हरची कुलपं ज्या ओपनएसएसएलवर होती त्या प्रोजेक्टला वर्षाला जेमतेम 2000 डॉलर देणगी यायची, हे लोकांना कळलं 2014 मध्ये, त्यात हार्टब्लीड नावाचं मोठं भगदाड सापडल्यावर. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं तर विचारूच नका. एकटा, दमलेला मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा), त्याला मेलवर मेल की अपडेट कधी देतोस, आणि मदतीला धावून आलेल्या भल्या माणसानेच 2024 मध्ये आत बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, ठेवला. पकडला कसा, तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सोय) वरचं लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून!

तेव्हा तुम्हीही मेंटेनरला दामटत राहा. इश्यू (तक्रार) टाकताना "अर्जंट" लिहा, लॉग (काय बिघडलं त्याची नोंद) जोडू नका, दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर "प्रोजेक्ट मेला का?" विचारा. आणि पेजवर डोनेटचं बटण दिसलं तर घाबरू नका, थोडं खाली स्क्रोल केलं की डाउनलोड असतं.